आईच्या केअर होममध्ये ऑडिट आलं तेव्हा

मागच्या वर्षभरात मला चार-पाच जणांचे फोन आले, सगळे इथलेच, सिडनीतले मराठी, आईवडील पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेले, आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच. तुम्ही आईबाबांना रिटायरमेंट व्हिलेजमध्ये घर घेतलं होतं ना, मग पुन्हा केअर होमला का न्यावं लागलं, आणि तिथं सरकारी ऑडिट होतं म्हणतात, मग काळजी नाही ना. तासभर बोलून फोन ठेवला की दर वेळी वाटायचं अरे हे सांगायचं राहिलंच. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते.

आधी एक गोष्ट, जी आम्हालाही पहिली कित्येक वर्षं धड माहीत नव्हती. रिटायरमेंट व्हिलेज वेगळं आणि एज्ड केअर होम वेगळं. व्हिलेज म्हणजे घर, युनिट, बाग, क्लबहाऊस, आणि त्याच्यावर राज्याचा कायदा, न्यू साउथ वेल्समध्ये १९९९ चा रिटायरमेंट व्हिलेजेस ॲक्ट. भांडण झालं तर ट्रायब्युनलला जायचं. केअर होम म्हणजे ज्यांना रात्रंदिवस देखभाल लागते त्यांची राहण्याची जागा, तिथं केंद्राचा पैसा असतो, केंद्राचा कायदा, आणि एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशन या केंद्राच्या संस्थेची माणसं येऊन तपासतात. ही माणसं तुमच्या व्हिलेजच्या युनिटचं दार कधीच वाजवणार नाहीत. घरी सरकारी होम केअर येत असेल तर ती सर्व्हिस तपासली जाईल, व्हिलेज नाही. आम्ही मात्र इतकी वर्षं समजून चाललो होतो की व्हिलेजमध्ये आहेत म्हणजे कुणीतरी बघतंय.

आईबाबा २००४ ला पर्मनंट व्हिसावर आले. आई मिरजेला शाळेत शिक्षिका होती, बाबा बँकेत. नऊ वर्षं आमच्याकडे राहिले, मग बाबांनाच वाटायला लागलं की आपलं स्वतंत्र काहीतरी असावं, मुलं कामाला गेली की दिवसभर भिंतींशी किती बोलायचं. पुण्याचा फ्लॅट विकला, मी आणि भावानं भर घातली, आणि २०१३ ला व्हिलेजमध्ये दोन बेडरूमचं युनिट घेतलं. घेतलं म्हणते पण मालकीचं नव्हतं, राहण्याचा हक्क घेतला होता, पैसे एकरकमी भरायचे आणि निघताना त्यातून डिपार्चर फी कापून उरलेले परत. आमच्या करारात दर वर्षाला अडीच टक्के अशी दहा वर्षं, म्हणजे दहा वर्षं राहिलं की चौथाई रक्कम गेली. वर दर पंधरा दिवसाला मेंटेनन्सचे पैसे वेगळे. पहिल्या ९० दिवसांत नाही आवडलं तर डिपार्चर फी न भरता बाहेर पडता येतं हे करारात होतं, आणि महागाईच्या दरापेक्षा जास्त मेंटेनन्स वाढवायचा तर रहिवाशांची संमती लागते हेही. वकिलाकडून वाचून घेतलं आम्ही सगळं, जो कोणी घेणार असेल त्यानंही घ्यावंच, ऐंशी-नव्वद पानं असतात आणि खरी गोष्ट शेवटच्या तक्त्यात असते.

पण दिवस फार सुखाचे गेले हो तिथं. बाबा पांढरे कपडे घालून हिरवळीवर बोल्स, म्हणजे चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळायला जायचे, ज्या माणसानं आयुष्यात कॅरम सोडून काही खेळलं नव्हतं तो माणूस. आई दिवाळीत चकल्या करून आख्ख्या लायनीत वाटायची. शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजीबाई आणि आई, दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, पण रोज संध्याकाळी कुंपणाशी उभ्या.

२०१९ ला बाबा गेले. आई म्हणाली मी इथंच राहते, माझी माणसं आहेत इथं. आम्ही ऐकलं. युनिटमध्ये भिंतीवर इमर्जन्सीचं बटण होतं आणि गळ्यात घालायचं एक पेंडंट, दाबलं की कॉल सेंटरला फोन लागतो. आई ते रोज आंघोळीच्या आधी काढायची, देवघराशेजारच्या खिळ्याला लावायची आणि पूजा झाल्यावर घालायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये पूजेसाठी फुलं आणायला मागच्या दारातून बाहेर पडताना उंबऱ्याला पाय अडकला आणि पडली. पेंडंट खिळ्याला. सकाळचे सात-साडेसात असतील. व्हिलेजमध्ये पद्धत होती की उठलं की दाराच्या मुठीला एक हिरवं कार्ड अडकवायचं, म्हणजे शेजाऱ्याला कळतं सगळं ठीक आहे. शेजारच्या आजी दहा वाजता फिरून आल्या, कार्ड नव्हतं, त्यांनी मागून जाऊन बघितलं. अडीच तास आई लादीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. व्हिलेजला दोष देत नाही मी, त्यांनी रोज येऊन बघायचं असं करारात कुठंच नव्हतं. आम्हीच घर आणि देखभाल या दोन गोष्टी एक समजून बसलो होतो.

ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी एक लहानसा स्ट्रोक. हॉस्पिटलमधल्या स्पीच पॅथॉलॉजिस्टनं गिळण्याची टेस्ट करून सांगितलं की सध्या फक्त प्युरी, म्हणजे वाटून गुळगुळीत केलेलं अन्न, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं. सध्या हा शब्द लक्षात ठेवा. मग असेसमेंटची टीम आली, आईला कायम केअर होमची गरज आहे असा कागद मिळाला, आणि होम शोधायला आम्हाला जेमतेम दोन आठवडे. तेव्हा होमना सरकारनं दिलेलं स्टार रेटिंग पण नव्हतं, ते डिसेंबर २०२२ ला सुरू झालं. मी सहा होम बघितले, कोविडमुळे दोन ठिकाणी आतसुद्धा जाऊ दिलं नाही.

खोलीसाठी मोठं डिपॉझिट असतं, नाही भरलं तर त्याच्यावर रोजचं व्याजासारखं भाडं. आमचे पैसे तर व्हिलेजमध्ये अडकलेले, युनिट विकल्याशिवाय मिळणार नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये अशी सोय आहे की माणूस केअर होमला जाणार असेल तर व्हिलेजनं त्याच्या येणं असलेल्या रकमेतून हे रोजचं भाडं भरावं असं मागता येतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, मला एका सोशल वर्करनं सांगितलं, म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

आणि सांगलीहून मावशीचा फोन. "अगं, वृद्धाश्रमात टाकलंस तिला?" काय उत्तर देणार. माझी शिफ्ट सकाळी सहाची, आईला उठवून बसवायला दोन माणसं आणि होइस्ट, म्हणजे माणसाला उचलायचं यंत्र, लागायचा. मावशीला होइस्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं, ती गप्प झाली, पण मी ती रात्र झोपले नाही.

होम वाईट नव्हतं. नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही. स्वच्छ होतं, बागेत दोन जॅकरँडा होते, केअरर पोरी बहुतेक नेपाळी, काही केरळच्या, काही फिलिपिन्सच्या. एक नेपाळी मुलगी आईला आमा म्हणायची आणि हिंदीत बोलायची, आई तिच्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलायची, तिच्या शिफ्टला आईचा चेहरा वेगळा असायचा. पण एका बाजूला बावीस-तेवीस रहिवासी आणि सकाळी तीन पोरी, त्यात एक एजन्सीची नवीन असली की संपलंच. आईच्या कॉटनच्या साड्या जाऊन गाउन आले, त्यांना कॉलरच्या आत नावाची पट्टी, मशीननं चिकटवलेली. दुसऱ्याच कुणाचा तरी कार्डिगन तीन आठवडे आईच्या अंगावर होता.

जेवणाचं मी विचारायचे. आई म्हणायची, "आहे गं, ठीक आहे." होममधून दर सहा महिन्यांनी फीडबॅक फॉर्म यायचा, मी पण त्यात ठीक, चांगलं असंच टिक करायचे. आपल्याला सवयच नसते ना, आणि मनात एक भीती असते की तक्रार केली तर राग आईवर निघेल. ही भीती मला नंतर इतक्या जणींनी बोलून दाखवली, गोऱ्या बायकांनी सुद्धा, की मला वाटलं हे फक्त आपलं नाही.

२०२३ च्या मे-जूनमध्ये जाणवायला लागलं की आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातायत. नर्सला विचारलं, ती म्हणाली वय झालंय, आम्ही बघतोय. मी आठवड्याला दोनदा जायचे, ते दुपारी तीनला, जेवणाच्या वेळी कधीच नाही. ही माझी चूक. कुणाचे आईवडील होममध्ये असतील तर माझं एवढं ऐका, जेवणाच्या वेळी जा, वेळ बदलून बदलून जा.

आणि मग ऑगस्टमधला तो मंगळवार. सकाळी अकराला होमचा ईमेल आला की कमिशनची टीम आज न सांगता आलेली आहे, तीन दिवस असेल, बोलायचं असेल तर बोला. मान्यतेची मोठी तपासणी न सांगता होणं हे २०१८ पासून सुरू झालं. ॲडलेडला ओकडेन म्हणून एक सरकारी जागा होती, मानसिक आजार आणि डिमेन्शियाच्या वृद्धांची, तिथले हाल २०१७ मध्ये बाहेर आले, आणि धक्का याचा होता की इतकी वर्षं ती जागा तपासणीत पास होत होती. तेव्हा मान्यतेच्या तपासणीची तारीख आधी कळायची. त्यानंतर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारनं नेमलेला चौकशी आयोग, बसलं, त्यांच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नावच निग्लेक्ट, म्हणजे हेळसांड. २०२१ ला शेवटचा अहवाल आला, १४८ शिफारशी. तरी होमला तेव्हा अंदाज असायचाच, कारण साधारण तीन वर्षांची मान्यता संपत आली की अर्ज करावा लागायचा, मग महिनोन् महिने सल्लागार बोलावून फाइली लावणं चालायचं. दिवस फक्त माहीत नसायचा.

मी कामावरून हाफ डे टाकून गेले. दारातच पोस्टर, की आम्हाला तुमच्याशी बोलायचंय. दोन असेसर, म्हणजे तपासणाऱ्या बाया, होत्या, एक पन्नाशीची, पूर्वी नर्स असलेली, दुसरी तरुण. मला वाटलं होतं ऑफिसात बसून फाइली बघत असतील. तर मोठी बाई डायनिंग रूमच्या भिंतीला टेकून उभी होती, हातात छोटी वही, आणि नुसती बघत होती. कोण कुणाला भरवतंय, उभं राहून भरवतायत की शेजारी बसून, ताट किती भरलेलं परत जातंय. वीस मिनिटं ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. तरुण असेसर सफाई करणाऱ्या माणसाला विचारत होती की अमुक खोलीतल्या आजींना काय आवडतं तुला माहितीये का. सफाईवाल्याला माहीत होतं, मॅनेजरला नव्हतं.

तेव्हा नियम असा होता की किमान दहा टक्के रहिवाशांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी बोललंच पाहिजे. ९० च्या आसपास माणसं त्या होममध्ये, म्हणजे कमीत कमी नऊ. आई त्यात आली. मी पुढे होऊन म्हटलं, आईला इंग्लिश कमी येतं, मी सांगते ना ती काय म्हणते ते. मोठी असेसर शांतपणे म्हणाली, नको, घरच्यांनी भाषांतर केलं की घरच्यांचं ऐकू येतं, मी फोनवर इंटरप्रिटर घेते. मला जरा लागलंच ते. आईनं मला आत बसू दे म्हटलं म्हणून मी बसले, पण बोलायचं नाही या अटीवर.

स्पीकरवर फोन लागला आणि एका बाईचा आवाज आला, "नमस्कार आजी, बऱ्या आहात ना?" आई खुर्चीत सरळ झाली. पदर नव्हताच, तरी गाउनचा खांदा सारखा केला तिनं.

असेसरनं विचारलं जेवण कसं असतं. आई म्हणाली, "अन्नाला नावं ठेवू नयेत." इंटरप्रिटरनं ते जसंच्या तसं सांगितलं. आता इथं दुसरी कुणी असती तर लिहिलं असतं, तक्रार नाही, आणि पुढच्या प्रश्नाला गेली असती. ही थांबली. थोडा विचार केला आणि म्हणाली, आजी, काल दुपारी ताटात काय काय होतं ते मला सांगाल का.

"काल? तीन गोळे. एक पांढरा, एक केशरी, एक हिरवा. झेंड्यासारखे."

"कशाचे होते?"

"पांढरा बटाट्याचा. केशरी भोपळ्याचा असतो बहुतेक. हिरवा मला अजून कळला नाही."

"त्यातलं तुम्ही काय खाल्लं?"

"बटाट्याचं दोन चमचे. मग त्या पोरीला दुसरीकडे बोलावलं, ती गेली. परत आली तेव्हा गार झालं होतं, मी म्हटलं राहू दे."

"परवा काय होतं?"

"तेच की. रोज तेच असतं."

"भूक लागते का तुम्हाला?"

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "रात्री लागते. पण पोरी एकट्या असतात हो रात्री, त्यांना कशाला त्रास. पाणी पिऊन झोपते."

पाण्याचा ग्लास टेबलावर होता, घट्ट केलेलं पाणी, वर साय धरल्यासारखा थर, आणि टेबल आईच्या हातापासून दोन हात लांब. असेसरनं विचारलं, बेल कुठे आहे तुमची. आईनं मान मागे वळवायचा प्रयत्न केला. बेल पलंगाच्या मागच्या कठड्याला गुंडाळलेली होती. असेसरनं ती सोडवली, आईच्या मांडीवर ठेवली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, दाबा. अकरा मिनिटांनी एक पोर धापा टाकत आली, घाबरून सॉरी सॉरी म्हणत. असेसर तिला म्हणाली, तुझं काही चुकलं नाही, तू आत्ता कुठे होतीस. ती दुसऱ्या टोकाला एका आजोबांना आंघोळ घालत होती, एकटी.

मी तिथं रडले. आईची माझ्याशी बोलायची भाषा मराठी, रोजची, आणि दीड वर्षात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की काल काय जेवलीस. जेवण कसं आहे एवढंच विचारत राहिले, आणि कसं आहेला ठीक आहे सोडून आमच्या पिढ्यान् पिढ्यांना दुसरं उत्तर येत नाही. शिकवलेलंच तसं आहे, वाढलेलं मुकाट्यानं खायचं, यजमानाला कमीपणा आणायचा नाही. आईच्या मनात ती होममध्ये पाहुणीच होती.

मग त्यांनी फाइल काढली. मी आईची प्रतिनिधी म्हणून कागदावर आहे त्यामुळे मलाही दाखवली. जेवणाच्या तक्त्यावर सकाळ दुपार संध्याकाळ सगळीकडे तीन चतुर्थांश खाल्लं असं टिक, एकाच पेनानं, एकाच हातानं, आठवडाभर. आणि दोन पानं पुढे वजनाचा तक्ता, एप्रिलमध्ये ५२ किलो, जुलैमध्ये ४८. तीन महिन्यांत पाच टक्के किंवा त्याहून जास्त वजन गेलं तर ती नोंद सरकारला द्यावी लागते, इथं सातच्याही वर गेलेलं. डायटिशियनला कळवायचं अशी मे महिन्याची नोंद होती, कळवलेलं कुठंच नव्हतं. आणि प्युरी. हॉस्पिटलच्या कागदावर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा असं लिहिलेलं होतं. सव्वा वर्ष झालं होतं. केअर प्लॅनमध्ये वागणूक या सदराखाली लिहिलं होतं, रहिवासी हातानं खाण्याचा प्रयत्न करते, चमचा वापरायला प्रवृत्त करावे. मिरजेच्या बाईनं ऐंशी वर्षं हातानं भात कालवला, तो इथं प्रॉब्लेम म्हणून नोंदवला होता.

कुणी मुद्दाम केलं असं मी आजही म्हणत नाही. नर्स महिन्याला बदलत होत्या. चोवीस तास रजिस्टर्ड नर्स पाहिजे हा नियमच मुळी त्याच वर्षी जुलैपासून आला, आणि प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी २०० मिनिटं, त्यातली ४० नर्सची, हे बंधन ऑक्टोबरपासून. पण फाइलमध्ये उत्तर होतं आणि फाइल कुणी सलग वाचत नव्हतं, पुढच्यानं मागच्याचं टिक बघून टिक करायचं असं चाललेलं.

बाकी दोन दिवस त्यांनी काय बघितलं ते मला नंतर रिपोर्टमधून कळलं, औषधांचं कपाट, मॉर्फिनसारख्या औषधांच्या रजिस्टरवर दोन सह्या आहेत का, झोपेच्या नाहीतर शांत राहण्याच्या गोळ्या कुणाला चालू आहेत आणि त्याला घरच्यांची संमती आहे का, बेलच्या वेळांचा कॉम्प्युटरचा रिपोर्ट, तक्रारींची वही. तक्रारींची वही जवळजवळ कोरी होती आणि असेसरनं तेच वाईट लक्षण धरलं. ९० माणसं आणि सहा महिन्यांत दोन तक्रारी, याचा अर्थ लोक बोलत नाहीयेत.

त्यानंतरचे पंधरा दिवस अवघड गेले. मॅनेजर माझ्याशी तुटक बोलायची. मला वाटत होतं आपण आईचं नुकसान करून ठेवलं. मी ओपॅनला फोन केला, म्हणजे वृद्धांच्या बाजूनं बोलणारी जी संस्था आहे तिला, १८०० ७०० ६००, फुकट असतं, त्यांची बाई माझ्याबरोबर मीटिंगला येऊन बसली आणि सगळं बोलणं कागदावर आलं. नेपाळी मुलगी लिफ्टमध्ये भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "दीदी, अच्छा हुआ. हम बोलते थे, कोई लिखता नहीं था."

होमला उत्तर द्यायला मुदत मिळते, मग निर्णय, मग रिपोर्ट कमिशनच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी. तेव्हा ८ स्टँडर्ड, म्हणजे दर्जाचे निकष, होती आणि त्यांच्या पोटात ४२ अटी. त्यातल्या पाच अटींत होम नापास, त्यात धोक्यांवर लक्ष ठेवणं ही एक आणि जेवण वेगवेगळं, पुरेसं आणि चांगलं असावं ही एक. मी तो रिपोर्ट रात्री किचनमध्ये उभ्या उभ्या वाचला. नावं नसतात त्यात. एका रहिवाशाने इंटरप्रिटरच्या मदतीने सांगितले की तिला रात्री भूक लागते. असं एक वाक्य. आमची आई.

सुधारणेचा प्लॅन लिहून द्यावा लागला त्यांना, आणि एकेका ओळीवर तारीख. पहिल्या आठवड्यातच स्पीच पॅथॉलॉजिस्ट आली. मी विचारलं, गुरगुट्या भात चालेल का, आणि तिला कळेना म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यातून घेऊन गेले, तांदूळ आणि मूगडाळ एकत्र, भरपूर पाणी घालून चार शिट्ट्या, वर तूप आणि मेतकूट. तिनं काटा घेतला आणि भाताचा कण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीशी धरून बघितला, ती फट साधारण चार मिलिमीटरची असते, त्याच्यापेक्षा मोठा तुकडा नको. मग काट्यानं दाबून बघितलं, तिरका करून बघितलं चिकटतोय का. अजून थोडा घोटा म्हणाली. घोटला. आईच्या समोर वाटी ठेवली आणि आईनं चमच्याकडे बघितलंच नाही, बोटांनी कालवला, आणि खाल्ला. सगळा. स्पीच पॅथॉलॉजिस्ट शेजारी बसून गळ्यावर बोट ठेवून गिळणं मोजत होती. प्युरीवरून वरच्या लेव्हलला आणलं तिला त्या दिवशी, आणि हातानं खाणे ही ओळ वागणुकीतून काढून आवडीनिवडीत घातली, माझ्यासमोर.

भात होमच्या किचनमध्ये करायला दोन महिने गेले. बाहेरचं अन्न आणायला फॉर्म, डब्याचं तापमान, त्यांच्या शेफला मूगडाळ कुठली तेही माहीत नव्हतं. मी एका रविवारी जाऊन त्याला करून दाखवला. मेतकुटाचा डबा मीच नेऊन देते, त्याच्यावर घटक लिहिलेली चिठ्ठी चिकटवून.

गेल्या नोव्हेंबरपासून, म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ पासून, नवीन कायदा आलाय. आता आठाऐवजी ७ स्टँडर्ड, आणि त्यातलं सहावं आख्खं जेवण आणि पोषणाचं. हक्कांच्या यादीत आपल्या भाषेत बोलण्याचा, इंटरप्रिटर मिळण्याचा हक्क पण आहे. हा हक्क मागावा लागतो. नवीन कुणी आईवडिलांना ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी केअर प्लॅनच्या मीटिंगला मराठी इंटरप्रिटर मागा, तुम्ही कितीही चांगलं इंग्लिश बोलत असाल तरी, कारण आई तुमच्यासमोर एक बोलेल आणि त्या परक्या बाईशी दुसरं. आणि वजनाचा तक्ता महिन्याला मागून बघा. ताटाचा फोटो काढा. तक्रार थेट कमिशनकडे करायची तर १८०० ९५१ ८२२, नाव न सांगता पण करता येते.

मी आता त्या होमच्या रहिवासी आणि नातेवाईकांच्या सल्लागार गटात आहे, दर दोन महिन्यांनी बसतो. आई ८८ ची झाली. बरंच विसरते, कधी मला मावशी समजते. वजन ५१ च्या आसपास.

परवाच्या रविवारी मी मुद्दाम बाराला पोचले. शेफ स्वतः वाटी घेऊन बाहेर आला, आईजवळ बसला, बरं झालंय का विचारलं. आईनं एक घास खाल्ला, मला म्हणाली, "त्याला सांग, आज मीठ कमी पडलंय." मी सांगितलं. त्यानं खिशातून पेन काढून लिहून घेतलं आणि मीठ आणायला आत गेला.